नूडल्सची कढई आणि क्रिकेटचा सामना



२ नोव्हेंबर २०२५ चा रविवार तुमच्या लक्षात असेलच. नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. खेळ दुपारी तीनला सुरू व्हायचा, पण पाऊस आला आणि पहिला चेंडू पडायला पाच वाजले. झालं काय, की आपली फलंदाजी आली नेमकी दिवेलागणीला आणि आफ्रिकेची फलंदाजी आली जेवणाच्या वेळेला. शफाली वर्मा ८७ धावा काढत होती तेव्हा घरोघरी कणीक मळली जात होती. दीप्ती शर्मा एकेक गडी टिपत होती तेव्हा ओट्यावर भांड्यांचा ढीग. आपल्या २९८ धावा, त्यांचा डाव २४६ वर संपला, ५२ धावांनी आपण जिंकलो, तोवर मध्यरात्र झाली होती.

नंतर गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करताना हाच विषय निघाला. कोणी म्हणाली, शेवटची दोन षटकं तेवढी पाहिली. कोणी म्हणाली, आम्ही सामना नुसता ऐकला, आतून. देशाच्या मुली विश्वचषक जिंकत होत्या आणि आम्ही बायकाच भिंतीपलीकडे उभ्या. एकीने मात्र सांगितलं, की तिने त्या दिवशी पोळी-भाजीला सुट्टी दिली, कढईभर नूडल्स परतल्या, अर्ध्या तासात मोकळी झाली आणि हरमनप्रीत कौरने शेवटचा झेल घेतला तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. त्यावर दुसरी लगेच म्हणाली, "म्हणजे पोरांना मैदा खाऊ घातलास!" आणि तिसरी म्हणाली, "चायनीज आपलं खाणं आहे का?"

वाद बराच रंगला. हप्ते मोजायचे राहिले. तेव्हा आम्ही ठरवलं, की हे नूडल्स नावाचं प्रकरण आपल्या चुलीपर्यंत आलं कुठून, कोणाच्या हातून आलं आणि कोणासाठी आलं, ते एकदा नीट पाहू. आजचा भाग त्यावर आहे.

"आपलं खाणं आहे का" हा प्रश्न आधी घेऊ. चीनच्या वायव्य भागात लाजिया नावाची एक जुनी वस्ती जमिनीखाली गाडली गेली होती. तिथे उत्खननात मातीचा एक उपडा पडलेला वाडगा सापडला आणि त्याच्याखाली पिवळसर, बारीक, लांब नूडल्स. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या. २००५ मध्ये ही बातमी जगभर गेली. गंमत अशी, की त्या गव्हाच्या नव्हत्या. तपासणाऱ्यांना त्यात राळ्यासारख्या भरड धान्याचे अंश दिसले. चिकटपणा नसलेल्या या धान्याची इतकी लांब तार कशी निघाली यावर अभ्यासक अजून वाद घालतात. ज्वारीच्या पिठाची भाकरी थापताना ज्यांची बोटं पाण्यात बुडालेली असतात, त्या आपल्या बायकांना विचारलं असतं तर त्यांनी उकड काढायचा सल्ला दिला असता, असं आम्हाला वाटतं.

आणि आपल्याकडे काय कमी होतं? उन्हाळा लागला की गल्लीत खाटा निघायच्या. बन्सी नाहीतर खपली गहू ओलवून, दळून, चाळून, पीठ घट्ट मळायचं, तासन् तास कुटायचं. शेवयांच्या पाटाचं एक टोक उंचावर टेकवायचं, एकीने वरून पीठ चोळत तार सोडायची, दुसरीने खाली ती तार झेलून काठीवर वाळत घालायची. एका घरच्या शेवया एका बाईने कधीच केल्या नाहीत. आज आमच्याकडे, उद्या तुमच्याकडे, अशी ती पाळी असायची. बचत गट हा शब्द यायच्या आधीचा हा आपला गटच म्हणायचा. लग्नघरी तर शेवयांबरोबर गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे असं सगळं वळवट व्हायचं आणि रुखवतावर मांडलं जायचं. बोटाच्या पेरावर तांदळाएवढा गव्हला वळणाऱ्या बाईला पिठाची तार म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको.

फरक इतकाच, की आपण ती तार दुधात-गुळात टाकली नाहीतर फोडणीचा उपमा केला, आणि तिकडे त्यांनी ती रश्श्यात टाकली किंवा मोठ्या आचेवर परतली. पिठाची तार दोन्हीकडे होती. परतण्याची रीत तेवढी बाहेरून आली, आणि ती आणणारी माणसंही पोट हातावर घेऊन आलेली होती.

अठराव्या शतकाच्या अखेरीस तोंग अछू नावाचा एक चिनी व्यापारी कलकत्त्याजवळ आला. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात त्याला जमीन मिळाली आणि त्याने उसाची लागवड करून साखरेचा कारखाना घातला. त्या गावाला आजही अछिपूर म्हणतात. त्याच्यामागून आणखी लोक येत गेले. त्यात हक्का लोक होते. दुकानात पाकिटावर आपण "हक्का नूडल्स" वाचतो, तो हक्का हा पदार्थाचा प्रकार नसून लोकांचं नाव आहे. त्याचा अर्थच "पाहुणी घरं" असा होतो. आपल्याच देशात एका भागातून दुसऱ्या भागात हलत राहिलेली, सगळीकडे उपरी ठरलेली ही माणसं. कलकत्त्याच्या टांग्रा भागात त्यांनी कातडी कमावण्याचा धंदा केला. जे काम इतरांना नको होतं ते त्यांनी घेतलं. बायका घरी स्वयंपाक करायच्या, त्यातून खानावळी निघाल्या. सोया सॉस होता, पण मिरची, आलं, लसूण इथलं. चव हळूहळू आपल्याकडे सरकली.

मग १९६२ चं युद्ध झालं. भारतातच जन्मलेल्या, हिंदी-बंगाली बोलणाऱ्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना, लेकरांसकट, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. काही जण तिथे वर्षानुवर्षं राहिले. सुटल्यावर पुष्कळांची घरं-दुकानं गेलेली होती, आणि पुढे अनेक कुटुंबं कॅनडासारख्या देशांत निघून गेली. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात आम्ही वाचली नाही. पण ज्यांच्या हातचं खाणं आपण गल्लोगल्ली चवीने खातो, त्यांच्या वाट्याला काय आलं हे माहीत असलेलं बरं.

मुंबईतही चिनी वस्ती होती. माझगावच्या डॉकयार्ड रोडजवळ त्यांचं एक जुनं मंदिर अजून आहे. बोटींवर काम करणारे खलाशी, सुतार, दात बसवणारे, न्हावी, अशी ती माणसं. पण आपल्या नूडल्सच्या गोष्टीला खरं वळण दिलं ते कलकत्त्याहून मुंबईला आलेल्या नेल्सन वांग या आचाऱ्याने, आणि तेही कुठे, तर क्रिकेट क्लब ऑफ इंडियात! ब्रेबॉर्न स्टेडियमच्या त्या क्लबात तो खाण्याचं पाहायचा. १९७५ मध्ये एका गिऱ्हाइकाने काहीतरी नवीन कर म्हणून हट्ट धरला. त्याने लसूण, आलं, हिरवी मिरची बारीक चिरून परतली, म्हणजे आपल्या कुठल्याही भाजीचं वाटणच की, आणि गरम मसाल्याऐवजी त्यात सोया सॉस आणि मक्याचं पीठ घातलं. झालं चिकन मंचुरियन. मंचुरिया नावाच्या मुलखाशी त्याचा काडीचा संबंध नाही. तसंच "शेजवान" हे नाव सिचुआन प्रांताचं. मुंबईच्या ताज हॉटेलात सत्तरच्या दशकात त्या पद्धतीचं जेवण मिळू लागलं. पण गाडीवरची ती लाल, लसणाची, जिभेला चटका देणारी चटणी आपल्याकडचीच. तिच्यात आणि आपल्या लसणाच्या चटणीत सोयरीक आहे, हे पहिल्या घासाला कळतं.

तर क्रिकेटच्या क्लबात जन्मलेली ही चव पुढे क्रिकेटच्याच पाठीवर बसून घरात आली. ते कसं, ते आता सांगतो. त्यासाठी जरा लांब, स्वित्झर्लंडला जावं लागेल.

तिथे ज्युलियस मॅगी नावाचा माणूस होता. त्याची पिठाची गिरणी होती. त्या काळी तिथल्या कापडगिरण्यांत बायका राबत. १८७७ च्या कायद्याने कामाचा दिवस कमी केला, तो कमी करून अकरा तासांवर आणला, म्हणजे आधी काय असेल पाहा. घरी येऊन डाळ शिजवायला त्यांना वेळ नव्हता, जळण परवडत नव्हतं. मुलं अशक्त राहत होती. तिथल्या एका लोककल्याण संस्थेने गिरणीवाल्यांना विनंती केली, की पोटाला आधार देणारं, स्वस्त आणि पटकन शिजणारं काहीतरी काढा. मॅगीने वाटाणा आणि घेवड्याच्या भाजलेल्या पिठाचे प्रकार काढले, आणि १८८६ पासून तयार सूप विकायला आणलं. म्हणजे ज्या नावावर आज आपण "आळशी बायकांचं खाणं" म्हणून नाक मुरडतो, ते नाव मुळात कामाने पिचलेल्या बायकांसाठी बाजारात आलं होतं. आणि ते मैद्याचं नव्हतं, कडधान्याचं होतं. चाकणच्या कंपनीत तीन पाळ्यांत काम करणाऱ्या आमच्या गटातल्या मुलींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, दीडशे वर्षांत बदललं काय?

झटपट नूडल्स ही गोष्ट त्यानंतरची आणि जपानची. मोमोफुकू आंदो नावाचा माणूस घरामागच्या शेडमध्ये महिनोन् महिने खटपट करत होता. शिजलेल्या नूडल्स टिकवायच्या कशा हे त्याला सुचत नव्हतं. असं सांगतात, की बायको तेलात भजी तळत असताना पिठातलं पाणी बुडबुडे होऊन उडून जातं हे त्याने पाहिलं आणि कोडं सुटलं. नूडल्स तळून वाळवल्या की पाणी जातं, बारीक भोकं राहतात, पुढे गरम पाणी त्या भोकांतून शिरलं की नूडल्स पुन्हा मऊ. २५ ऑगस्ट १९५८ ला त्या बाजारात आल्या. कुरडई तळताना फुलते ती आपण जन्मभर पाहिली, पण पेटंट कोणी घेतलं नाही, हे जाता जाता.

आणि १९८३. २५ जूनला कपिल देवच्या संघाने लॉर्ड्सवर वेस्ट इंडिजला हरवून विश्वचषक जिंकला. आपल्या १८३ धावा होत्या, ते १४० वर गडगडले. त्याच वर्षी दोन मिनिटांच्या मॅगीची पिवळी पाकिटं भारतात आली. आदल्याच वर्षी, १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी, दूरदर्शनवर रंग आले होते. एका घरात टीव्ही आणि अख्खी आळी जमलेली, असं ते चित्र. रंगीत टीव्ही, क्रिकेटचं वेड आणि पाकिटातल्या नूडल्स असं तिन्ही एकदमच घरात शिरलं. जाहिराती बघा, त्यांत भूक लागलेलं मूल आणि हसतमुख आई. टीव्हीसमोर बसलेलं मूल, दोन मिनिटांसाठी आत गेलेली आई. आई टीव्हीसमोर बसली आहे आणि कोणी दुसरा आत गेला आहे, असं चित्र त्या काळच्या जाहिरातीत आम्हाला तरी आठवत नाही.

२०१५ मध्ये त्याच पाकिटांवरून गदारोळ झाला. शिसं जास्त सापडलं आणि पाकिटावर "एमएसजी घातलेलं नाही" असं लिहिलेलं होतं, यावरून ५ जूनला देशभर बंदी आली. हजारो टन माल नष्ट केला गेला. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, कारण कंपनीला म्हणणं मांडायची संधी दिली नव्हती आणि तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत झाली नव्हती. न्यायालयाने पुन्हा तपासणी करायला लावली, तीत माल योग्य ठरला आणि नोव्हेंबरात पाकिटं परत दुकानात आली. आपल्या कामाचं यात एक आहे. पापड, लोणची, मसाले विकणाऱ्या गटांनी तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत होते आणि वेष्टनावर आपण काय छापतो, याकडे लक्ष ठेवायचं. कोर्टात एवढी मोठी कंपनी उभी राहते, आपण उभं राहू शकत नाही.

आता आमच्या देहूरोडकडे येऊ. तुकोबांचं देहू इथून जवळ, पण देहूरोडचं स्वरूप वेगळं. लष्कराचा डेपो, दारूगोळ्याचा कारखाना, छावणी, आणि त्यामुळे तमिळ, तेलुगू, पंजाबी, उत्तरेकडची, सगळीकडची माणसं. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला इथेच बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ती मूर्ती रंगूनहून आलेली. एका बाजूला पिंपरी-चिंचवड आणि दुसऱ्या बाजूला तळेगाव-चाकण अशी कारखान्यांची रांग. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, पुढच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, नंतर चाकण. रात्रपाळी सुटलेल्या पोराला अकराला काय मिळणार? स्टेशनबाहेर चायनीजची गाडी. भट्टीचा घर्र आवाज, कढईतून उडणाऱ्या ज्वाळा, कोबीचा ढीग आणि लाल रंगाचा भात. बाहेरगावाहून आलेल्या, खोली करून राहणाऱ्या कामगाराचं ते जेवण झालं. त्यांच्याच बरोबर ही चव मावळातल्या आणि खेडमधल्या गावांत पोचली. आता जत्रेत भेळेच्या पालाशेजारी चायनीज भेळेचं पाल असतंच.

आणि आमच्या शेजारी गहुंजे. द्रुतगती मार्गालगत तिथे मैदान झालं आणि २० डिसेंबर २०१२ ला पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, भारत-इंग्लंड. त्याआधी पुण्याचे मोठे सामने स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर होत. २९ फेब्रुवारी १९९६ ला तिथेच केनियाच्या नवख्या संघाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळलं होतं. २०२३ च्या पुरुषांच्या विश्वचषकाचे पाच सामने गहुंजेला झाले, १९ ऑक्टोबरला भारत-बांगलादेश होता, विराट कोहलीचं शतक. सामन्याच्या दिवशी आमच्या बाजूचा रस्ता तुंबतो. तिकिटं आपल्याला परवडत नाहीत, मैदान जवळ असून सामना टीव्हीवरच.

पण या मैदानाची आणि बायकांच्या क्रिकेटची एक गोष्ट आहे, ती आम्हाला शोधताना सापडली आणि फार आवडली. १९७३ मध्ये भारतात महिला क्रिकेटची संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये बायकांची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली ती पुण्यात. संघ किती? फक्त तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी त्या पिढीच्या. १९७६ मध्ये त्या भारताच्या पहिल्या कसोटी मालिकेत खेळल्या आणि पुढे कर्णधार झाल्या. त्या काळात खेळाडू मुली रेल्वेच्या आरक्षण नसलेल्या डब्यातून प्रवास करत, वसतिगृहात जमिनीवर झोपत, खेळाचं साहित्य एकमेकींत वाटून वापरत. मानधनाचं नावच नको. २००६ मध्ये क्रिकेट मंडळाने महिला क्रिकेट आपल्या हाती घेतलं. २००५ आणि २०१७ अशा दोन विश्वचषकांत आपण अंतिम फेरीत हरलो, दुसऱ्यांदा तर अवघ्या ९ धावांनी.

मे २०२२ मध्ये गहुंजेच्या मैदानावर महिलांची टी-ट्वेंटी चॅलेंज स्पर्धा झाली. संघ पुन्हा तीनच! म्हणजे एकोणपन्नास वर्षांनी पुण्यातच तीन संघांवर गाडी अडलेली. पण फरक बघा. एका संघाची कर्णधार हरमनप्रीत, दुसऱ्याची सांगलीत वाढलेली स्मृती मानधना, तिसऱ्याची दीप्ती. आणि सोलापूर जिल्ह्यातल्या किरण नवगिरेने २५ चेंडूंत अर्धशतक ठोकलं. पुढच्याच वर्षी पाच संघांची महिला प्रीमियर लीग सुरू झाली. गहुंजेच्या त्या तिघी कर्णधार २०२५ ला विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होत्या. हे सगळं आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर घडलं आणि तेव्हा आमच्यातल्या किती जणींना माहीत होतं? पेपरातली ती पानं आमच्या हाती यायची ती भाजी बांधून.

म्हणून आमचं मत असं, की वादाचा विषय नूडल्स नव्हताच. सामन्याच्या दिवशी बाईने ओट्यापाशी किती वेळ उभं राहायचं, यावर तो वाद होता. मैद्याचा मुद्दा खरा आहे, तो आम्ही झटकत नाही. मैद्यात कोंडा नाही, प्रथिनं बेताची, सॉसमध्ये मीठ भरपूर. रोज खायची ही वस्तू नाही. पण महिन्यातून एखाद्या सामन्याला घरी केलेल्या नूडल्स आणि गाडीवरच्या नूडल्स यांत फरक आहे. घरी तेल कितीदा तापवलं ते आपल्याला माहीत असतं, रंग घालायचा की नाही ते आपल्या हातात असतं, आणि भाजी नूडल्सइतकीच घालता येते.

पुष्कळजणींनी कृती विचारली म्हणून सांगतो. चार माणसांना तीनशे ग्रॅम कोरड्या नूडल्स पुरतात, मसाल्याच्या पुडीवाल्या नकोत, साध्या. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळ उकळवा, चमचाभर मीठ आणि थोडं तेल घाला, मग नूडल्स सोडा. पूर्ण शिजू देऊ नका. दाताखाली किंचित कच्च्या लागल्या की चाळणीत ओता, वरून गार पाणी घाला, चमचाभर तेल चोळून ताटात पसरून ठेवा. हे काम सकाळीच उरकता येतं. ताटात गार झालेल्या नूडल्स परतताना तुटत नाहीत, चिकटत नाहीत.

भाज्या चिरायचं काम टीव्हीसमोर बसून होतं, आणि ते बाईनेच करायचं असा कुठे नियम नाही. सामना बघणाऱ्या प्रत्येक हातात एकेक सुरी द्या. कोबी, गाजर, ढोबळी मिरची, फरसबी, कांद्याची पात, सगळं उभं, बारीक, एकाच जाडीचं. जाडी वेगळी झाली की एक कच्चं, एक करपलेलं. यातली कोबी, ढोबळी मिरची, फरसबी आणि आपली लाल मिरचीसुद्धा कधीकाळी परदेशातूनच आलेली आहे. त्यांना आज कोणी परकं म्हणत नाही.

गाडीवरच्या भट्टीला जी आच असते ती घरच्या गॅसला नसते. म्हणून सगळं एकदम कढईत ओतू नका. जास्त ओतलं की भाजीला पाणी सुटतं आणि परतायच्या ऐवजी ती वाफवली जाते. दोन भाग करा. लोखंडी कढई चांगली तापू द्या, दोन चमचे तेल, तेल तापलं की ठेचलेला लसूण, आलं, हिरवी मिरची. लसूण लाल व्हायच्या आत गाजर-फरसबी, मग कोबी, शेवटी ढोबळी मिरची. आच मोठीच ठेवायची, हात थांबवायचा नाही, दोन-तीन मिनिटांत भाजी करकरीत राहिली पाहिजे. प्रथिनांसाठी भिजवून पिळलेल्या सोयाबीनच्या वड्या, वाफवलेले मोडाचे मूग किंवा फोडून परतलेली दोन अंडी याच वेळी घाला. मग नूडल्स. सोया सॉस दोन्ही भागांत मिळून दीड मोठा चमचा, तो कढईच्या कडेने सोडा म्हणजे तापून वास येतो. चमचाभर व्हिनेगर, नसेल तर शेवटी लिंबू. मिरपूड. मीठ चाखून मगच, कारण सॉस खारट असतो. वरून कांद्याची पात. अजिनोमोटो लागत नाही, चवीची उणीव लसूण आणि पात भरून काढतात.

आमच्या गटाने घरच्या गव्हाच्या शेवयांवरही हे करून पाहिलं. मैद्याच्या नूडल्ससारख्या उकळत ठेवल्या तर शेवयांचा लगदा होतो. त्या आधी कढईत कोरड्याच, बदामी रंगावर भाजून घ्यायच्या, मग उकळत्या पाण्यात टाकून लगेच गॅस बंद करायचा, मऊ झाल्या की निथळायच्या आणि गार करायच्या. परतताना कालथा उलथा न मारता दोन कालथ्यांनी हलक्या हाताने वर-खाली करायच्या. यंत्रावरच्या जरा जाड शेवया यासाठी बऱ्या. खपलीच्या सगळ्यात चांगल्या, त्यांना चवही आहे. तुकडे लांब राहावेत म्हणून वाळवताना शेवया काठीवरच पूर्ण कडक होऊ द्यायच्या आणि मोडून डब्यात भरायच्या नाहीत. ज्या गटांकडे शेवयांचं यंत्र आहे त्यांनी उन्हाळ्यात जाड शेवयांची वेगळी पाकिटं करून बघावीत, पाकिटावर भाजायची रीत छापायला विसरू नये.

वेळेचं गणित असं. एकदिवसीय सामन्यात दोन डावांच्या मध्ये अर्धा-पाऊण तास मिळतो, त्यात परतणं आणि वाढणं दोन्ही होतं. टी-ट्वेंटीत मधली सुट्टी वीसेक मिनिटांची, तिथे नूडल्स उकडलेल्या आणि भाज्या चिरलेल्या हव्यातच. ताटल्या पाच-सहाच काढा. आणि कढई तशीच पाण्यात भिजत घालून बाहेर येऊन बसा, शेवटच्या षटकांपर्यंत ती काही पळून जात नाही.